सायप्रसच्या चौकटीत 'अधिकृत भाषा' काय लिहायची: ग्रीक, की ग्रीक व तुर्की?

शब्दपारखी (दादर)

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी सायप्रसवरचा लेख प्रूफला आलाय. लेखकानं माहितीच्या चौकटीत 'अधिकृत भाषा: ग्रीक आणि तुर्की' असं दिलंय. संपादकांनी 'तुर्की'वर काट मारून समासात लिहिलंय, 'तुर्की पलीकडच्या उत्तर भागात, तो वेगळा'. आणि तिसऱ्या पानावर लेखकच म्हणतो की तुर्की ही युरोपीय संघाची भाषा नाही. वाचणाऱ्यानं नेमकं काय समजायचं?

मला हवंय ते असं: चौकटीत काय ठेवू? तुर्की कायद्यानं अधिकृत असेल तर रोजच्या कारभारात ती कितपत दिसते? आणि सायप्रस संघात गेला तेव्हा त्याची एक अधिकृत भाषा दाराबाहेर कशी राहिली? जाता जाता नावांचंही बघा. लेखात लेफ्कोसा, गाझीमागुसा, एर्कान असं छापलंय आणि ते डोळ्यांना खुपतंय. फर्मा परवा छपाईला जातोय.

घटनेचा किडा

लेखक बरोबर आहे, संपादकांची काट चूक आहे. पण चूक का होते तेही समजून घ्या, कारण पुढे आणखी चार जण तीच करणार.

सायप्रस १६ ऑगस्ट १९६० ला ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. त्याच्या घटनेतल्या तिसऱ्या कलमाचं पहिलंच वाक्य सांगतं की प्रजासत्ताकाच्या अधिकृत भाषा ग्रीक आणि तुर्की. हे कलम आजही जसंच्या तसं आहे. त्यात 'उत्तर' नाही, 'दक्षिण' नाही. बेट दुभंगणारी रेषा पडली ती नंतर, १९७४ मध्ये. म्हणजे आपण ज्याला सवयीनं 'दक्षिण सायप्रस' म्हणतो आणि जगानं ज्याला मान्यता दिलीय, त्या राज्याची दुसरी अधिकृत भाषा तुर्की आहे. उत्तरेत १५ नोव्हेंबर १९८३ ला जाहीर झालेल्या 'उत्तर सायप्रस तुर्की प्रजासत्ताका'ची घटना १९८५ ची. तिच्या दुसऱ्या कलमात अधिकृत भाषा एकच, तुर्की. या राज्याला तुर्कस्तानाखेरीज कुणाची मान्यता नाही. सुरक्षा परिषदेनं तीनच दिवसांत, ठराव ५४१ करून, ती घोषणा कायद्याच्या दृष्टीनं निरर्थक ठरवली. तेव्हा तुर्की दोन्हीकडे अधिकृत आणि ग्रीक एकीकडेच, असं उलटं चित्र आहे. संपादकांना हे सांगा, काट आपोआप निघेल.

आता तिसरं कलम आतून बघू, कारण खरा माल तिथे आहे. ते नुसतं नाव घेऊन थांबत नाही. कायदे आणि प्रशासकीय दस्तऐवज दोन्ही भाषांत काढायचे. राजपत्रातला मजकूर एकाच अंकात दोन्ही भाषांत यायला हवा. आधी ग्रीक आणि महिनाभरानं तुर्की, हे चालणार नाही. ग्रीक माणसाला जाणारं सरकारी पत्र ग्रीकमध्ये, तुर्क माणसाला तुर्कीत. खटल्यातले दोन्ही पक्ष ग्रीक तर कामकाज ग्रीकमध्ये, दोघे तुर्क तर तुर्कीत, एक-एक असतील तर दोन्ही भाषांत. नाणी, नोटा, तिकिटं दोन्ही भाषांत. आणि शेवटी, कुणालाही सरकारदरबारी दोहोंपैकी कुठल्याही भाषेत अर्ज करता येईल.

दोन मजकुरांत फरक निघाला तर? तोही विचार केलेला होता: तो वाद न्यायालयानं सोडवायचा. खुद्द घटनेचेही ग्रीक आणि तुर्की असे दोन मूळ पाठ आहेत आणि कलम १८० प्रमाणे दोघांचं वजन सारखं. एकाचं भाषांतर दुसरा, असा प्रकार नाही. आपल्याकडे शासन निर्णयाच्या शेवटी कुठला पाठ ग्राह्य हे एका ओळीत उरकतात. इथे त्यासाठी घटनात्मक न्यायालय दिलं होतं.

ही सगळी यंत्रणा चालायला दोन्ही समाजांची माणसं कार्यालयात बसलेली हवीत. १९६० मध्ये तुर्क सायप्रियट (बेटावरचे तुर्की भाषक) लोकसंख्येच्या सुमारे १८ टक्के होते. घटनेनं त्यांना सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के वाटा, ५० पैकी १५ प्रतिनिधी आणि उपराष्ट्राध्यक्षपद दिलं. राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप माकारिओस, उपराष्ट्राध्यक्ष डॉ. फाझिल क्युच्युक. डिसेंबर १९६३ मध्ये दंगली पेटल्या आणि तुर्क सायप्रियट मंत्री, प्रतिनिधी, कारकून सगळे सरकारातून बाहेर पडले. ग्रीक बाजू म्हणते ते आपणहून गेले, तुर्क बाजू म्हणते त्यांना हुसकलं. लेखात कुठलाही एकच शब्द वापरलात तर पत्रं येतील, म्हणून 'बाहेर पडले' बरं.

भाषेच्या बाजूनं त्याचा परिणाम तत्काळ झाला. राजपत्राचा तुर्की मजकूर तयार करणारं, तपासणारं, त्यावर सही करणारं कुणी उरलं नाही. १९६४ मध्ये संसदेनं तुर्क सदस्यांविना कायदा ३३/१९६४ केला आणि घटनात्मक न्यायालय व उच्च न्यायालय एकत्र करून टाकली. त्याला आव्हान मिळालं तेव्हा न्यायालयानं मुस्तफा इब्राहिम खटल्यात 'अपरिहार्यतेचा सिद्धान्त' मान्य केला: राज्य चालवण्यासाठी जे घटनेप्रमाणे करणं अशक्य झालंय, ते अशक्यता संपेपर्यंत बाजूला ठेवता येईल. तुर्कीचा व्यवहारातला वापर बंद पडला तो याच सिद्धान्ताच्या सावलीत. कलम रद्द झालं नाही, दुरुस्तही झालं नाही. त्याची अंमलबजावणी थांबली आणि आज साठ वर्षं होऊन गेली तरी थांबलेलीच आहे. कायदे तेव्हापासून ग्रीकमध्येच प्रसिद्ध होतात. गंमत म्हणजे दोन अधिकृत भाषांच्या राज्याचा हा सगळ्यात गाजलेला निकाल लिहिला गेला तो इंग्रजीत.

इंग्रजी कशी, असा प्रश्न येईलच. कलम १८९ नं ब्रिटिश अमदानीतले कायदे आणि न्यायालयांतला इंग्रजीचा वापर पाच वर्षांपुरता चालू ठेवला होता. ती पाच वर्षं लांबत लांबत १९८८ च्या अधिकृत भाषा कायद्यापर्यंत गेली, मग न्यायालयं ग्रीककडे वळली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

आणखी एक आकडा, लेखात घालण्याजोगा. आज तिथल्या संसदेत कायद्यानं ८० जागा आहेत. ५६ ग्रीक बाजूच्या, त्या भरतात. २४ तुर्क सायप्रियटांच्या, त्या रिकाम्या ठेवलेल्या आहेत. तुर्की भाषेचंही तेच: जागा राखीव, खुर्ची रिकामी.

नाणेवेडा, गिरगाव

किड्यानं 'नाणी, नोटा, तिकिटं' एका ओळीत उरकली. तुर्की जिथे आजही न चुकता पाळली जाते ती नेमकी हीच जागा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

सायप्रसनं युरो घेतला १ जानेवारी २००८ ला. १, २, ५ सेंटवर मुफ्लॉन (डोंगरी मेंढा), १०, २०, ५० सेंटवर किरेनियाचं प्राचीन जहाज, १ आणि २ युरोवर पोमोसची क्रुसासारखी दगडी मूर्ती. आठही नाण्यांवर देशाचं नाव दोनदा: ग्रीक लिपीत 'किप्रोस', रोमन लिपीत तुर्की 'किब्रिस'. आधीच्या पौंडाच्या नाण्यांवर इंग्रजी 'सायप्रस'ही असायचं, युरोच्या वेळी ते गेलं. म्हणजे नाण्यावरून इंग्रजी हटली आणि तुर्की राहिली, कारण घटनेनं नाण्यावर दोनच भाषा सांगितल्यात.

हे नाणं हातात आलं तर तुर्की नावातली दोन 'आय' अक्षरं भिंगातून बघा. तुर्कीत टिंबवाला आणि बिनटिंबाचा असे दोन वेगळे स्वर आहेत आणि मोठ्या लिपीतही तो भेद पाळतात. 'किब्रिस'मधले दोन्ही बिनटिंबाचे. त्यामुळे साध्या इंग्रजी टायपात ठोकलेलं नाव तुर्कीतही शुद्ध ठरतं. पारपत्रावर असं भागत नाही. तिथे ग्रीक, तुर्की, इंग्रजी अशी तीन नावं असतात आणि तुर्की 'जुम्हुरियेती'तल्या दोन 'आय'वर टिंब लागतं. (आपली जम्हूरियत तीच.)

कागदी युरोवर मात्र सायप्रसची वेगळी बाजू नसतेच. तिथे चलनाचं नाव ग्रीक लिपीत आहे, रोमनमध्ये आहे, २०१३ पासूनच्या नव्या मालिकेत बल्गेरियासाठी सिरिलिकमध्येही आलं. तुर्कीत युरोला प्रमाण शब्द 'आव्रो'. तो कुठल्याच नोटेवर नाही. संघाची भाषा नसल्याचा पुरावा तुमच्या पाकिटात मावतो.

आणि लगेच हेही सांगतो की नोटेवर नाव असलं म्हणून भाषा कारभारात असते असं नाही. आपल्या दहाच्या नोटेवर मागच्या पट्ट्यात पंधरा भाषा आहेत. त्यातल्या नेपाळीत किंवा काश्मिरीत फोर्टातल्या बँकेच्या काउंटरवर अर्ज भरून दाखवा.

माहीमची खाडी

इतक्या लांब कशाला जाता, गोवा आहे की. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी लिपीतली कोंकणी ही राजभाषा, आणि मराठीही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी वापरता येईल अशी तरतूद. मराठीला पदवी नाही पण वापर आहे. सायप्रसात तुर्कीला पदवी आहे, वापर नाही. वाचकाला एका वाक्यात कळेल, हे उदाहरण चौकटीखाली टाका.

घटनेचा किडा

उदाहरण चटकन पटतं खरं, पण एका ठिकाणी लंगडं आहे. गोव्यात मराठी वापरणारी माणसं तिथेच राहतात, अर्ज घेऊन पणजीत येतात. सायप्रसात माणसंच हलली. १५ जुलै १९७४ ला अथेन्सच्या लष्करशाहीच्या पाठबळानं राजधानी निकोसियात बंड झालं, २० जुलैला तुर्की फौज उतरली आणि ऑगस्टमधल्या दुसऱ्या चढाईनंतर बेटाचा जवळपास ३६ टक्के भाग तिच्या ताब्यात गेला. ग्रीक सायप्रियट दक्षिणेला पळाले. १९७५ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नात ठरल्याप्रमाणे दक्षिणेतले बहुतेक तुर्क सायप्रियट उत्तरेला गेले. मधे सुमारे १८० किलोमीटरची संयुक्त राष्ट्रांची पट्टी. ती २३ एप्रिल २००३ ला पहिल्यांदा ये-जा करायला उघडली, आणि निकोसियातली लेद्रा रस्त्यावरची चौकी तर २००८ मध्ये. तोवर दक्षिणेतल्या कारकुनाकडे तुर्कीत अर्ज घेऊन येणार कोण? सही करणारा १९६३ लाच गेला होता, १९७४ नंतर अर्ज करणाराही गेला.

तरी दक्षिणेत राहिलेले काही तुर्क सायप्रियट होतेच. त्यांतल्याच इब्राहिम अझीझ यांना मतदारयादीत नाव घालू दिलं नाही, कारण १९६० च्या घटनेप्रमाणे तुर्कांची यादी वेगळी आणि ती यादीच अस्तित्वात नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००४ मध्ये सायप्रसला दोषी ठरवलं. अपरिहार्यतेचा सिद्धान्त राज्याच्या सोयीसाठी चालतो आणि नागरिकाच्या हक्काशी येऊन अडतो, ते इथे दिसलं.

उलट बाजूही लिहा, नाहीतर लेख एकांगी होईल. उत्तरेत कार्पास द्वीपकल्पावर काही ग्रीक सायप्रियट राहिले. त्यांच्या मुलांना ग्रीक माध्यमाची माध्यमिक शाळा मिळाली नाही, याबद्दल त्याच न्यायालयानं १० मे २००१ च्या 'सायप्रस विरुद्ध तुर्कस्तान' निकालात तुर्कस्तानावर ठपका ठेवला. तिथल्या रिझोकार्पासो गावातली माध्यमिक शाळा मग २००४ मध्ये सुरू झाली.

शब्दपारखी (दादर)

काट काढायला सांगितलीय. संपादक आता विचारतात, 'मग दक्षिणेत तुर्की दिसते तरी कुठे? नाणं सोडून?'

घटनेचा किडा

पारपत्र, ओळखपत्र, टपालतिकिटं. सरकारी नभोवाणीच्या दुसऱ्या वाहिनीवर तुर्की कार्यक्रम. सायप्रस विद्यापीठ १९८९ च्या कायद्यानं स्थापन झालं, १९९२ ला विद्यार्थी आले. कायद्यानं तिथल्या शिक्षणाच्या भाषा ग्रीक आणि तुर्की, आणि तुर्की व मध्यपूर्व अभ्यासाचा विभागही आहे. रस्त्यावरच्या पाट्या मात्र ग्रीक आणि रोमन लिपीत. आपल्या लोकलच्या स्टेशनावर जशा तीन भाषा सवयीनं दिसतात तसं काही तिथे शोधू नका.

एक बारीक पेच आहे, तो बहुतेक लेखांतून सुटतो. अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेखाली सायप्रसनं संरक्षण दिलंय ते आर्मेनियन आणि मारोनी अरबीला (मारोनी ख्रिस्ती समाजाची अरबी). या भाषा बोलणाऱ्यांना १९६० मध्ये ग्रीक किंवा तुर्क यांपैकी एक समाज निवडावा लागला आणि त्यांनी ग्रीक निवडला. तुर्की त्या यादीत नाही, कारण ती कागदावर अधिकृत. अधिकृत भाषेला अल्पसंख्य कसं म्हणणार! मोठ्या घरची सून म्हणून तिला कुणी मदत देईना आणि घरात ताट मिळेना, असं झालंय.

ब्रसेल्स-बोरिवली फास्ट

युरोपचा भाग मी घेतो.

पहिला गैरसमज: सदस्य देशाची अधिकृत भाषा आपोआप संघाची होते. होत नाही. लक्झेंबर्गिश १९८४ पासून लक्झेंबर्गची कायदेशीर भाषा आहे, संघाच्या यादीत नाही. संघाच्या भाषा ठरतात १९५८ च्या नियमन क्रमांक १ नं, आणि ते बदलायचं तर सदस्य सरकारांच्या परिषदेत एकमत लागतं (संघाच्या कामकाजाविषयीच्या कराराचं कलम ३४२). एकमत म्हणजे आज सत्तावीसच्या सत्तावीस. एकानं मान हलवली नाही की विषय संपला. स्पेननं २०२३ मध्ये कॅटलान, बास्क, गॅलिशियनसाठी अर्ज केला, तो इथेच अडलाय.

सायप्रस १ मे २००४ ला आत गेला. त्याच्या बरोबर सात दिवस आधी, २४ एप्रिलला, अन्नान योजनेवर (बेट पुन्हा एक करण्याची संयुक्त राष्ट्रांची योजना) बेटाच्या दोन्ही बाजूंना सार्वमत झालं. तुर्क सायप्रियटांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला, ग्रीक सायप्रियटांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी नकार. होकार-होकार झालं असतं तर ग्रीक व तुर्की अधिकृत भाषा असलेलं संघराज्य आत गेलं असतं आणि तुर्कीचा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर आला असता. झालं असं की अख्खं बेट कागदावर संघात आणि प्रवेश करारातल्या दहाव्या प्रोटोकॉलनं उत्तरेत संघाचे कायदे स्थगित. त्या दिवशी संघाच्या भाषा अकराच्या वीस झाल्या. मूठभर देशाची माल्टीसुद्धा आली, तुर्की आली नाही.

त्यात सायप्रसनं आग्रह धरला नव्हता का? राष्ट्राध्यक्ष निकोस अनास्तासियादिस यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये, परिषदेचं फिरतं अध्यक्षपद तेव्हा ज्यांच्याकडे होतं त्या डच सरकारला लिहिलेल्या पत्रातच ते आलंय: प्रवेशाच्या वाटाघाटींत सायप्रसनं हे मांडलं होतं, पण व्यावहारिक उपयोग मर्यादित आणि खर्च मोठा म्हणून संघाकडून आग्रह सोडायला सांगण्यात आलं. त्या पत्रात त्यांनी पुन्हा मागणी केली. तेव्हा बेटावर वाटाघाटी जोरात होत्या. त्या २०१७ च्या जुलैत स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोंतानाला फिसकटल्या आणि मागणीही मागे पडली. माझं मत विचाराल तर ती भाषेची मागणी कमी आणि समोरच्या बाजूला दाखवलेला सद्भाव जास्त होती. पण तेवढ्यानं ती खोटी ठरत नाही.

खर्चाचा मुद्दा पोकळ नाही. भाषा यादीत आली की संघाचे आजवरचे सगळे लागू कायदे त्या भाषेत हवेत, शिवाय रोजचं राजपत्र, बैठकांना दुभाषे, आणि प्रत्येक भाषेसाठी कायद्याचा मजकूर तपासणारे वकील-भाषातज्ज्ञ. ही माणसं बाजारात तयार मिळत नाहीत. आयरिशचं बघा: २००७ मध्ये यादीत आली, पण भाषांतरकार पुरेनात म्हणून सवलत दिली, आणि पूर्ण दर्जा लागू झाला १ जानेवारी २०२२ ला. पंधरा वर्षं. तुर्कीबाबत भाषांतरकारांचा तुटवडा तेवढा पडणार नाही हे खरं, पण तुर्कस्तानातली कायद्याची परिभाषा आणि सायप्रसातली, जिच्याखाली ब्रिटिश कायदा आहे, यांची सांगड घालायलाच काही वर्षं जातील.

नागरिकाचं नुकसान कुठे होतं ते एका कलमात सांगतो. संघाच्या संस्थांना आपल्या भाषेत पत्र लिहून त्याच भाषेत उत्तर मिळवायचा हक्क (कलम २४) फक्त करारांच्या २४ भाषांना आहे. सायप्रसचं पारपत्र असलेला तुर्क सायप्रियट संघाचा पूर्ण नागरिक आहे, पण ब्रसेल्सला तुर्कीत पत्र लिहून तुर्कीत उत्तर मागायचा हक्क त्याला नाही. २०१९ मध्ये नियाझी किझिलयुरेक निवडून आले, युरोपीय संसदेतले पहिले तुर्क सायप्रियट. त्यांची मातृभाषा सभागृहाच्या भाषांच्या यादीत नव्हती.

चाकरमानी, डोंबिवली

विषयाला फाटा फोडतोय, माफ करा. इथून उत्तर सायप्रसच्या विद्यापीठांत बरीच मुलं जातात. त्यांचे कागद कुठल्या भाषेत करायचे? तुर्की दोन्हीकडे अधिकृत म्हणताय तर तुर्कीतला एकच कागद दोन्हीकडे चालेल का?

खिडकी क्र. ४

नाही चालणार, आणि कारण भाषा नाही, शिक्का आहे.

दक्षिणेकडे, म्हणजे प्रजासत्ताकाकडे द्यायचा भारतीय कागद असेल तर वाट सरळ आहे. भारत अपोस्टिल करारात (एका देशाचा कागद दुसऱ्यात चालावा म्हणून लावायच्या प्रमाणन-शिक्क्याचा करार) २००५ पासून आहे, सायप्रसही आहे. जन्म, विवाह वगैरे दाखला आधी राज्य शासनाकडून प्रमाणित करून घ्यायचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, आणि नंतर भाषांतर. हा क्रम उलटा केला की पैसे दुप्पट: आधी भाषांतर केलंत तर मूळ कागदाच्या मागे चिकटलेलं अपोस्टिल भाषांतरात येत नाही आणि खिडकीवरून परत पाठवतात. भाषांतर तिथल्या नोंदणीकृत शपथबद्ध भाषांतरकाराचं लागतं. २०१९ च्या कायद्याआधी हे काम सरकारी माहिती कार्यालय करायचं, म्हणून जुन्या सूचनांत ते नाव सापडेल, ते धरून बसू नका. मराठीतला मूळ दाखला असेल तर इथूनच मराठी-इंग्रजी द्विभाषिक नमुन्यात काढून घ्या. मराठीतून थेट ग्रीक करणारा माणूस तिथे शोधत बसाल.

तुर्कीत अर्ज करायचा हक्क घटनेनं 'प्रत्येक व्यक्ती'ला दिलाय, तेव्हा कागदोपत्री तुम्हालाही आहे. पण छापील नमुने ग्रीक किंवा इंग्रजी असतात आणि तुर्की अर्ज वाचणारा माणूस त्या टेबलावर नसतो. तो तिथेच पडून राहील. हक्क बजावायचा असेल तर बजावा, काम करून घ्यायचं असेल तर इंग्रजी जोडा.

उत्तरेचं वेगळं. ते राज्य अपोस्टिल करारात नाही, भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे तिथल्या शिक्क्याचा कागद भारतात किंवा दक्षिणेत नेताना त्यावर अपोस्टिल मिळत नाही. प्रवेशाच्या आधी विद्यापीठाकडून लेखी घ्या: कुठला कागद, कोणाच्या प्रमाणनासह, इंग्रजी की तुर्की. फोनवरचं धरू नका. जन्म, मृत्यू, विवाह या नोंदींना थोडी सूट मिळते. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९७१ मध्ये नामिबियाबद्दल मत देताना म्हटलं होतं की मान्यता नसलेल्या सत्तेनं केलेल्या अशा नोंदी नाकारून सामान्य माणसाचं नुकसान करू नये, आणि मानवाधिकार न्यायालयानं ते सायप्रसला लावलंय. पण हा न्यायालयात सांगायचा मुद्दा आहे, खिडकीवर नाही.

आणखी एक, भाषेशी संबंध नसला तरी सांगतो. उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर उतरणं हा प्रजासत्ताकाच्या लेखी बेकायदा प्रवेश आहे. तिथून चौकी ओलांडून दक्षिणेत जायचा बेत असेल तर आधीच विचार करा.

टिंबटिंब

नावांकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी.

तुर्की १९२८ पासून रोमन लिपीत आहे आणि सायप्रसच्या तुर्कांनीही तीच घेतली. अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, उच्चार इंग्रजी नाहीत, सगळी गडबड इथे होते. साधा 'सी' म्हणजे ज, त्यामुळे विमानतळ एर्कान नाही, एर्जान. शेपटीवाला 'सी' च, शेपटीवाला 'एस' श. राजधानी तुर्कीत लेफ्कोशा, ग्रीकमध्ये लेफ्कोसिया, इंग्रजीत निकोसिया. तुमच्या लेखातलं 'लेफ्कोसा' कुठल्याच भाषेतलं नाही; रोमन अक्षराची शेपटी टायपात गळली की ते जन्माला येतं. वर चंद्र असलेला 'जी' उच्चारत नाहीत, तो आधीचा स्वर नुसता लांबवतो किंवा पुढच्याला जोडतो. म्हणून गाझीमागुसा नको, गाझीमाउसा (म्हणजे फामागुस्ता). (एर्दोगन लिहिणाऱ्या वर्तमानपत्रांनाही हेच सांगून थकलो, एर्दोआन आहे ते.) किरेनियाचं गिर्ने, मोर्फूचं ग्युझेलयुर्त.

कुठलं नाव कधी, यातही राजकारण आहे. ग्युझेलयुर्त हे १९७४ नंतर रूढ केलेलं नवं नाव आहे; ग्रीक सायप्रियट ते मान्य करत नाहीत. मराठीत रुळलेली नावं, निकोसिया, फामागुस्ता, किरेनिया, मजकुरात ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ग्रीक व तुर्की नाव जोडा. अर्धी या बाजूची, अर्धी त्या बाजूची असं नको.

'तुर्की' शब्दही सांभाळा. लेखात तो भाषेसाठी, देशासाठी आणि माणसांसाठी तिन्हीकडे आलाय असा माझा कयास. भाषा तुर्की, देश तुर्कस्तान, बेटावरची माणसं तुर्क सायप्रियट. शेवटच्यात फरक महत्त्वाचा, कारण १९७४ नंतर तुर्कस्तानातून येऊन उत्तरेत वसलेले लोक वेगळे, आणि दोघांची बोलीही वेगळी. 'मला जायचंय' हे इस्तंबूलचा माणूस 'गितमेक इस्तियोरुम' म्हणेल, लेफ्कोशाचा म्हातारा 'इस्तेरिम गिदेयिम'. प्रश्नार्थक 'मी' हा प्रत्ययही बेटावर गळतो, प्रश्न नुसत्या हेलावरून कळतो. घटनेत 'तुर्की' म्हटलंय ती अर्थातच प्रमाण तुर्की; ग्रीक बाजूलाही घरात सायप्रियट ग्रीक आणि शाळेत अथेन्सची, असंच आहे.

शब्दपारखी (दादर)

संपादकांना दाखवलं, काट निघाली. चौकट आता अशी जातेय:

'अधिकृत भाषा: ग्रीक आणि तुर्की (घटना, १९६०, कलम ३). तुर्क सायप्रियट १९६३ अखेर सरकारातून बाहेर पडल्यापासून प्रजासत्ताकाचे कायदे व कारभार प्रत्यक्षात ग्रीकमध्ये. नाणी, तिकिटे, पारपत्रावर दोन्ही भाषा. १९८३ मध्ये स्वतंत्र घोषित झालेल्या, केवळ तुर्कस्तानाने मान्य केलेल्या उत्तर भागात फक्त तुर्की. युरोपीय संघाच्या २४ भाषांत ग्रीक आहे, तुर्की नाही.'

सहा ओळींच्या जागेत बसवायचंय, आणखी छाटू नका म्हणावं का?

घटनेचा किडा

छाटायचंच असेल तर तिकिटं काढा. 'प्रत्यक्षात' हा शब्द मात्र काढू देऊ नका, तो गेला की संपादकांची काट परत येते.

टिंबटिंब

आणि चौकटीच्या वर 'रिपब्लिक ऑफ सायप्रस' इंग्रजी टायपात असेल तर त्याखालचं तुर्की नाव एकदा छापून बघा. काही टंकांत टिंबवाला मोठा 'आय' नसतो, तिथे चौकोन उमटतो.